जरा नाव ठेवा ना जी

लग्नाच्या पंगतीत पानावर पुरी पडली की माणूस काय करतो? खातो. आमचे रामटेके सर खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढतात. पुरी त्याच्या चिमट्यात धरून तिची जाडी बघतात, मग व्यास बघतात, मग पुरी कानाशी नेऊन मोडतात आणि आवाज ऐकतात. एवढं झाल्यावर तिचा एक तुकडा तोंडात जातो. तो गिळला की कोमट पाण्याची चूळ भरून कागदी ग्लासात टाकतात. शेजारी बसलेल्या वऱ्हाड्याचं जेवण तिथंच आटपतं. मग सर डोळे मिटून निकाल सांगतात, "रंग सात. वास सहा. पोत चार." समोर वाढपी भाताचं पातेलं घेऊन ताटकळत उभा असतो आणि यजमानीण मांडवाच्या खांबाआडून कान देत असते.

आमच्या सावली गावात लग्नपत्रिका वाटताना लोक सरांच्या घरी सगळ्यात शेवटी जातात. जमलं तर लग्न उरकल्यावर.

सर आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. इथल्याच कॉलेजात अन्नशास्त्र शिकवतात. मी पोस्टात काउंटरला बसते. दिवसभर लोकांवर खेकसून संध्याकाळी घरी यावं, चहाचं आधण ठेवावं, तर दारात सर ट्रे घेऊन उभे. ट्रेमध्ये बिस्किटं, प्रत्येक बिस्किटाखाली कागदाचा चिटोरा, चिटोऱ्यावर तीन आकडी नंबर. नंबर कशाला, तर कोणत्या बिस्किटात काय घातलंय ते खाणाऱ्याला कळू नये म्हणून. कळलं असतं तर कोणी खाल्लं नसतं, हा आपला माझा अंदाज.

बिस्किट तांदळाच्या कनीचं. आमच्याकडे पाहाल तिकडे धानाच्या गिरण्या, त्यामुळे तुटका तांदूळ, म्हणजे कनी, ढिगानं निघते. सर ती दळून आणतात. त्यात नाचणी घालतात, जवस घालतात आणि शेवग्याचा वाळवलेला पाला कुटून घालतात. त्यानं लोह वाढतं म्हणे. वाढत असेल बापा, आपण कुठे मोजायला जातो. पण रंग जो येतो, तो अंगण सारवल्यासारखा. कॉलेजात रंग मोजायचं यंत्र नाही म्हणून सर पेंटच्या दुकानात गेले आणि भिंतीच्या रंगांचं कार्ड मागितलं. दुकानदारानं विचारलं, कोणती खोली रंगवायची आहे. सर म्हणाले, बिस्किट. तेव्हापासून तो दुकानदार सरांना लांबूनच नमस्कार करतो.

हसा, पण माणसाचा हेतू वाईट नव्हता. अंगणवाडीतल्या लेकरांनी आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी हे बिस्किट आवडीनं खावं, औषधासारखं नाक दाबून नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. "पोषण तं कागदावर कोणीबी लिहिते, वहिनी," ते म्हणायचे. "पोटात गेलं तवाच ते पोषण. अन् चवीशिवाय पोटात काई जात नाई जी."

त्यासाठी त्यांनी आमच्या गल्लीचं एक पॅनल केलं होतं. पॅनल म्हणजे मी, आमचे हे, आणि समोरचे रहीमचाचा टेलर. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर होऊन माझ्या डोक्यावर बसलेत. पॅनलचे नियम कडक. चाखताना बोलायचं नाही, अत्तर लावून यायचं नाही आणि आधी तासभर तंबाखू-सुपारीचा खर्रा खायचा नाही. या शेवटच्या नियमानं अर्धी सावली तशीच बाद झाली आणि आमचे हे दर खेपेला शहीद झाल्यासारखे येऊन बसायचे. मार्क नऊपर्यंत. नऊ म्हणजे अतिशय आवडलं, एक म्हणजे अतिशय नावडलं, आणि मधला पाच म्हणजे ना आवडलं ना नावडलं.

आम्ही सगळे नऊ द्यायचो.

प्रत्येक बिस्किटाला, प्रत्येक वेळी, तिघंही. सर कपाळाला हात लावायचे. "असं नका करू जी. जरा नाव ठेवा ना. मले वाईट वाटत नाई." आम्ही म्हणायचो, नाही सर, खरंच छान झालंय. "काई तरी खोट काढा. कडू हाये का? दाताले चिकटते का? जरा नाव ठेवा ना जी." माणूस इतक्या आर्जवानं उसने पैसे मागत नाही, इतक्या आर्जवानं हे शिव्या मागायचे.

शेवटी त्यांनी आम्हाला पकडलं. एका बिस्किटात साखरेच्या जागी मीठ घातलं. मी खाल्लं, डोळ्यांत पाणी आलं, नऊ दिले. ह्यांनी खाल्लं, माझ्याकडे पाहिलं, नऊ दिले. रहीमचाचांनी हळूहळू चावलं, दाढी कुरवाळली आणि म्हणाले, "थोडा नमकीन हय सर, पर चाय के साथ जमेगा." आठ दिले. मग त्या एका कमी मार्काचं त्यांना इतकं लागलं, की अंगावर अर्धवट शिवलेला शर्ट टाकून परत आले आणि तो नऊ करून गेले.

आता तुम्हीच सांगा. एखाद्यानं आपल्यासाठी भट्टीपुढे उभं राहून काही केलं, ट्रेमध्ये मांडून दारी आणलं, त्याच्या तोंडावर बेकार आहे कसं म्हणायचं? घरच्या माणसाला म्हणतो आपण, दिवसातून दोनदा म्हणतो. बाहेरच्याला कसं म्हणावं? सरांनी शिकवलेली विद्या आमच्या ह्यांनी वापरली ती फक्त माझ्यावर. माझ्या वांग्याच्या भाजीला पाच. वर समजावून सांगतात, पाच म्हणजे ना आवडली ना नावडली. दुसऱ्या दिवशी मी भाजीच केली नाही. म्हटलं, द्या आता शून्य. तर म्हणाले, सरांच्या मापात शून्य नसते.

सावलीत खरं बोलणारं एकच माणूस होतं, ते सरांच्या घरातच होतं. त्यांची आई. आम्ही सगळे आजी म्हणतो, सर माय म्हणतात.

आजीनं उभ्या जन्मात कोणाच्या हातच्या अन्नाला बरं म्हटलं नाही. मार्कंड्याच्या जत्रेत जिलेबी खाऊन तिनं हलवायाला विचारलं होतं, "पाक मागच्या जत्रेतला हाये का?" माझ्या कढीबद्दल तिचं मत होतं, "तुई कढी पाहून ताक रडलं असन." मी चिडून दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कढीत लसूण वाढवला आणि कढी सुधारली, हे मी आजवर कबूल केलेलं नाही, आताही करत नाही.

सरांच्या बिस्किटाला तर तिनं भट्टीतून निघाल्या निघाल्या निकालात काढलं. "गाईसमोर टाक. तिनं खाल्लं तं मले सांग." सर खूश. धावत आत जाऊन पाला कमी करायचे, जवस भाजून घ्यायचे, परत आणायचे. "ह्यो तं गोटा हाये. कुत्र्याले मारशीन तं पुन्हा येणार नाई." सर आणखी खूश, लोणी वाढवायला पळायचे. आमच्या तिघांच्या ढीगभर नवांनी जे झालं नाही, ते आजीच्या एका शिवीनं व्हायचं. बिस्किट हळूहळू खाण्यालायक होत गेलं ते असं. पंगतीतले मार्क सर स्वतःच्या हिमतीवर द्यायचे, पण घरी येऊन मायला विचारायचे, तुले कसं वाटलं. माय त्यातून दोन कमी करायची.

सरांचं लग्न झालं नाही त्याचं कारणही हेच. मुली पाहायला मायलेक दोघं स्कूटरवर जायचे. पोहे यायचे. सर चूळ भरायला पाणी मागायचे, तिथंच मुलीकडचे चपापायचे. मग सर म्हणायचे सहा, आणि आजी म्हणायची, "साहा कायचे? शेंगदाने कच्चे हायेत. चार." मुलगी दाराआड, तिची आई दाराआड, बाप समोर. चिमूरच्या एका मुलीनं मात्र आतून विचारलं होतं, "अन् रंगाले किती?" सर अजून तिची आठवण काढतात. पण त्यांनी उत्तर द्यायच्या आत तिच्या बापानं यांची स्कूटर अंगणातून रस्त्यावर नेऊन लावली होती.

असं सगळं झकास चाललं होतं. मग दिवाळीच्या सुमारास आजीला लकवा मारला.

उजवं अंग गेलं आणि जीभ गेली. चंद्रपूरला दवाखान्यात ठेवलं, जीव वाचला, घरी आणलं. पण आजी जेवेना. दोन चमचे पोटात गेले की ओठ मिटून घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करायची. हाताची हाडं दिसायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फार पातळ नको, ठसका लागेल. फार घट्ट नको, अडकेल. मीठ अगदी नावापुरतं. आणि महिनाभरात अंगात काही भरलं नाही, तर नाकातून नळी घालून भरवावं लागेल.

सरांनी कॉलेजातून रजा घेतली आणि बिस्किटाचा विषय बंद केला. आता एकच गोष्ट शिजत होती, आंबील. नाचणीची, तांदळाच्या पिठाची, मुगाचं पीठ घातलेली, दुधाची पावडर घातलेली. सर ताट तिरपं धरून तिच्यावर आंबील सोडायचे आणि ती किती झरझर वाहते ते पाहायचे. मनासारखी वाहिली नाही की परत चुलीवर. आमच्या भिंतीला त्यांच्या पातेल्याची खरवड सकाळ-संध्याकाळ ऐकू यायची.

आजीला बोलता येत नव्हतं म्हणून त्यांनी तिच्यासाठी तोंडांचा पुठ्ठा काढला. लिहिता-वाचता न येणाऱ्या लेकरांसाठी असतो तो. पाच तोंडं काढलेली असतात, पहिलं खदखदून हसणारं, शेवटचं रडकं, मधलं नुसतं डोळे उघडे ठेवून बसलेलं. खाल्ल्यावर बोट ठेवायचं. आजीचा डावा हात चालत होता.

दोन-चार दिवसांनी सर माझ्या दारात आले. हातात ट्रे नव्हता.

"वहिनी, माय मले हासरं तोंड दाखवून राह्यली."

मी म्हटलं, मग चांगलंच झालं की.

"चांगलं कायचं जी," ते म्हणाले. "रोज हासरं. सकाळी हासरं, संध्याकाळी हासरं, अन् वाटी तशीच वापस. तिनं अख्ख्या जिंदगीत कोणाले हासरं तोंड दाखवलं? तुमाले दाखवलं? मले दाखवलं? पाहुण्यावानी वागून राह्यली ते. माह्याच घरात पाहुणी झाली." ते उंबऱ्यावरच बसले. "पाहुणे जातेत ना जी, वहिनी."

मी तोंडानं फटकळ असले तरी रडणारा पुरुष समोर आला की मला घरातली भांडी आवरायला सुचतं. मी चहा टाकला, त्यांना पाजला आणि त्यांच्याबरोबर आजीकडे गेले.

तिथं पाहते तर काय, घराचा दवाखाना झालेला. आजी उशीला टेकवून बसवलेली. गळ्यात पांढरा स्वच्छ टॉवेल. समोर ट्रे, ट्रेमध्ये नवीकोरी वाटी, वाटीखाली नंबराचा चिटोरा, बाजूला कोमट पाण्याचा ग्लास. सर खाली मान घालून विचारतात, "माय, कसं हाये?" आणि आजी, जिनं हलवायाला रडवलं ती आजी, बोट उचलून हसऱ्या तोंडावर ठेवते. अगदी आम्ही तिघं नऊ द्यायचो तशी. लेक रांधतो आहे, भरवतो आहे, हगणं-मुतणं काढतो आहे, त्याला आणखी काय नाव ठेवायचं, असं त्या डोळ्यांत साफ दिसत होतं.

मी वाटीतला एक चमचा तोंडात घातला. आणि मग माझा तोल गेला.

"सर, हे भिंतीले लावा," मी म्हटलं.

सरांनी चमकून पाहिलं. "किती मार्क?"

"दोन. अन् त्यातला एक आजीकडे पाहून देऊन राह्यली."

इतक्या वर्षांत पॅनलमधून आलेला पहिला खरा मार्क. दुसरी वेळ असती तर सरांनी पेढे वाटले असते. त्या दिवशी नुसते हसले आणि म्हणाले, "तुमी सांगून काय उपयोग जी. तिनं सांगाले पायजे."

आठवडे तसेच गेले. नळीसाठी चंद्रपूरला न्यायचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी मी गेले तेव्हा सरांची दाढी वाढलेली, सदऱ्यावर पिठाचे डाग. ट्रे नव्हता. चिटोरा नव्हता, नवी वाटीही नव्हती. पातेलंच मांडीवर घेऊन ते आजीच्या खाटेवर बसले होते. त्यांच्यातली सगळी पद्धतशीरपणाची हौस संपली होती. आजी भिंतीकडे पाहत होती. सरांनी चमचाभर आंबील आधी स्वतःच्या तोंडात घातली. गिळली. मला दिसलं, ती त्यांनाही आवडली नव्हती.

आणि हा माणूस, ज्यानं सख्ख्या मामाच्या घरच्या जेवणाला साडेपाच दिले होते, आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला.

"लय झकास झाली, माय," ते म्हणाले. "अगदी तुह्या हातच्यावानी. नऊ मार्क."

आजीची मान भिंतीकडून वळली.

ती आधी सरांकडे पाहत राहिली. मग पातेल्याकडे. तुह्या हातच्यावानी. या चिकटाला. डावा हात गोधडीवर काहीतरी चाचपडायला लागला. सरांना वाटलं पाणी हवंय, ते ग्लास शोधायला लागले. मला मात्र त्या डोळ्यांतली ती जुनी नजर ओळखू आली. माझी कढी बघून यायची तीच. मी खाटेखाली पडलेला पुठ्ठा उचलून तिच्यासमोर धरला.

आजीनं रडक्या तोंडावर बोट ठेवलं. ठेवलं कसलं, टोचलं. पुन्हा टोचलं. तिसऱ्यांदा पुठ्ठा माझ्या हातातून वाकला. तेवढ्यानंही तिचं समाधान होईना. ओठ वाकडे व्हायला लागले, गळ्यातून घरघर आली, आणि इतके दिवस गेलेली ती जीभ कशीबशी वळली.

"अळ... नी," आजी म्हणाली.

सर ग्लास हातात धरून उभे. "काय म्हनलं, माय?"

"अळनी." या वेळी चांगलंच स्पष्ट. आणि वर चेहऱ्यावर असा भाव, की बहिरा आहेस का रे.

मग आजीनं तोंड उघडलं. भूक लागली म्हणून नाही, आणखी खोट काढायला. सरांनी चमचा घातला. तिनं तो चघळला, कपाळाला आठ्या घातल्या, गिळला आणि पुठ्ठा टोचला. पुन्हा तोंड उघडलं. अशी नावं ठेवत ठेवत तिनं पातेल्याचा तळ दाखवला. सर एका हातानं भरवत होते आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसत होते, आणि माझंही नाक वाहत होतं, सांगायला काय लाज. पातेलं रिकामं झाल्यावर त्यांनी ते भिंतीशी ठेवलं, अंगणात गेले आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात रहीमचाचांना सांगितलं, "चाचा, माय अळनी म्हनली."

मशीनवरून उठून चाचा बाहेर आले. सगळं समजून घेतलं. मग म्हणाले, "सर, आज सच बोलता हूँ. आपका बिस्किट चार."

सरांनी त्यांना मिठी मारली.

डॉक्टरांनी नळीचं पुढे ढकललं आणि नंतर नाव काढणंही सोडलं. मिठाची मनाई तशीच राहिली. त्यामुळे सरांनी आंबट ताक, ठेचलेला लसूण आणि भाजलेलं जिरं घालून मिठाची कसर काढायचं चालवलंय. आजीच्या अंगावर थोडं मांस धरलंय. शब्द मोजकेच परत आलेत, अळणी, कच्चं, करपलं, आणि एक माझ्यासाठी राखीव, तो इथं लिहिण्यासारखा नाही. आता गल्लीतलं पॅनल उलटं बसतं. आम्ही करून न्यायचं आणि आजीनं नापास करायचं. रहीमचाचांनी ईदेला शीरखुर्मा नेला, आजीनं रडकं तोंड दाखवलं, तर चाचा घरी सांगत आले की आजी एकदम बढिया आहे.

परवा मी कढी घेऊन गेले. लसूण घातलेली, पळीभर ताक जास्त टाकलेली. आजीनं चमचा चाखला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि पुठ्ठ्यावर बोट आणलं. बोट हसऱ्या तोंडाच्या दिशेनं निघालं. मी पदर सावरून बसले, तेवढ्यात पाहते तर सर जागेवरून उठलेले, चेहरा पांढरा. बोट हसऱ्या तोंडाच्या कडेला थांबलं. मग तिथून निघालं, मधल्या तोंडावरून घसरलं, आणि रडक्यावर जाऊन टेकलं.

सर खाली बसले.

"बरं झालं जी, वहिनी," ते म्हणाले. "मले वाटलं, डॉक्टरले फोन करा लागते." आणि त्यांनी कढीचा दुसरा चमचा भरला.